तीन शिट्ट्यांचं कार्टून

भांडुपच्या एका आईनं विचारलं आहे: मुलगा मराठी माध्यमात तिसरीत आहे. घरात इंग्रजी कोणालाच बोलता येत नाही, म्हणून वर्षभर त्याला रोज दीड-दोन तास इंग्रजी कार्टून लावून देते. तो रंगून बघतो, त्यातले आवाज काढतो, पण "व्हॉट आर यू डूइंग?" असं कोणी विचारलं की गप्प होतो. वर्ष वाया गेलं का? कोणतं कार्टून लावू, सिनेमे दाखवू का? दीड वर्षाची धाकटीही सोबत बघत बसते, तिला फायदा होईल का? आणि शेजारचे म्हणतात तसं मुलाला इंग्रजी माध्यमात घालू का?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचीच काळजी तुम्हाला जास्त लागली असणार. कार्टून बघून बोलता आलं नाही, एवढ्यावरून शाळा बदलू नका. गोष्ट समजायला, कारण सांगायला, "मग काय झालं" हे ओळीनं मांडायला मुलाला एक भाषा भक्कम लागते. ती त्याच्याकडे आहे. तुम्ही लिहिलंय की तो आजीला कार्टूनमधली गोष्ट सांगतो. ते फार मोलाचं आहे, त्याच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

मी परळच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत १९९८ पासून शिकवते. तेव्हा आमच्याकडे इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. २००० साली राज्यात ते पहिलीपासून आलं आणि सहा वर्षांच्या मुलांना आम्ही इंग्रजी शिकवायला लागलो. शब्द त्या मुलांकडे ढीगभर होते. बस, स्टेशन, टीव्ही, कुकर, डॉक्टर, बॉल. मुंबईतल्या मुलाला इंग्रजी शब्दांची वानवा कधीच नसते. नव्हतं ते वाक्य. कोणी कोणाला इंग्रजीत काही विचारतंय, दुसरा उत्तर देतोय, असं त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं. त्यामुळे शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा मला वाटलं, आता प्रश्न सुटला.

एका शनिवारी खिडक्यांना सतरंज्या टांगून मी तिसरी-चौथीच्या मुलांना दीड तासाचा इंग्रजी ॲनिमेशनचा सिनेमा दाखवला. मुलं इतकी रमली की शाळा सुटायची घंटा झाली तरी कोणी उठेना. सोमवारी विचारलं तर अख्खी गोष्ट सांगितली. कोण कोणाला फसवतं, कोण का रडतं, सगळं बिनचूक, मराठीत. मग मी म्हटलं, त्यातलं एक तरी इंग्रजी वाक्य सांगा. वर्ग शांत. एकाही मुलाला एकही वाक्य आठवलं नाही.

माझं पुढचं सगळं शिकवणं त्या सोमवारच्या शांततेतून निघालं. चांगलं कार्टून गोष्ट चित्रातून सांगतं, तीच त्याची ताकद. पण ज्याला चित्रावरून सगळं कळतं त्याला शब्दांची गरजच उरत नाही, आणि गरज नसलेला शब्द मूल कानाआड करतं. तुमच्या मुलाचं नेमकं हेच झालंय. दोन तास तो डोळ्यांनी बघतोय. वर्ष अगदीच वाया गेलेलं नाही. इंग्रजीचा सूर, चढउतार त्याच्या कानात बसले आहेत, म्हणून तर तो आवाज काढतो. पण दोन तासांनी जे झालं नाही ते चार तासांनीही होणार नाही. वेळ वाढवून उपयोग नाही, कमी करायला हवा. इतका कमी की तुम्हाला खरं वाटणार नाही: तीन मिनिटं. तुम्ही संध्याकाळी कुकर लावता ना, त्याच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत जेवढं बघून होईल तेवढंच. पण तेच तीन मिनिटांचं दृश्य सोमवार ते शुक्रवार, आणि तुम्ही शेजारी.

तेच तेच पाहून मूल कंटाळेल अशी भीती मोठ्यांना वाटते. मुलं कंटाळत नाहीत. रोज तीच गोष्ट सांग म्हणून हट्ट करणारी हीच मुलं. अमेरिकेत १९९६ साली 'ब्लूज क्लूज' नावाची लहान मुलांची मालिका सुरू झाली, तिचा एकच भाग आठवड्याचे पाच दिवस लागोपाठ दाखवायचे. संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की पुन्हा पुन्हा बघून मुलांना भाग जास्त समजतो, आणि मुलं पडद्याला उत्तरंही जास्त देतात. पहिल्या दिवशी ती गोष्ट कळून घेण्यात गुंतलेली असतात. गोष्ट माहीत झाली की कान मोकळे होतात. वर्गात तिसऱ्या दिवशी मुलं पात्राच्या आधी वाक्य म्हणायला लागतात आणि "बाई, परत लावा ना" सुरू होतं, ते मी इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिलंय की याबद्दल मला आता शंका नाही.

आता पाच दिवस काय करायचं ते सांगते. पहिल्या दिवशी आवाज बंद ठेवायचा. हो, पूर्ण बंद. चित्र बघा आणि मराठीत गप्पा मारा: ही कोण, ही रुसली का, आता आई तिला काय म्हणत असेल? मूल मराठीत वाक्यं सुचवतं: "आई म्हणत असेल, बूट घाल." म्हणजे त्या जागी इंग्रजीत काय ऐकू येणार याची वाट बघणं त्याच्या मनात सुरू होतं. दुसऱ्या दिवशी उलटं. मोबाइल पालथा ठेवायचा आणि नुसतं ऐकायचं. काल पाहिलेलं डोळ्यांसमोर असतंच, त्यामुळे "पुट ऑन युअर बूट्स" ऐकलं की तो ओरडतो, "बूट! बूट!" इथे पहिल्यांदा कानाला काम मिळतं. सगळ्या पद्धतीत हा दिवस सर्वात महत्त्वाचा. घाईत कधी गाळावा लागला तर दुसरा कोणताही गाळा, हा नको.

तिसऱ्या दिवशी चित्र आणि आवाज दोन्ही, पण मध्ये थांबवत. पात्र बोलायच्या आधी थांबवा आणि त्याच्याकडे बघा. तो म्हणेल. अर्धवट म्हणेल, चुकीचं म्हणेल, नुसता सूर म्हणेल. चालेल, लगेच सुरू करा, बरोबर वाक्य पात्रच म्हणून दाखवेल. दुरुस्तीचं काम पात्रावर सोडा, तुम्ही करू नका. चौथ्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवून नाटक. तुम्ही आई, तो मूल, मग अदलाबदल. छत्री खरी, बूट खरे. घरातल्या खऱ्या वस्तू हातात आल्या की वाक्य पडद्यातून खाली उतरतं. आणि पाचव्या दिवशी पुन्हा आवाज बंद, सगळी पात्रं तोच बोलणार. याला आमच्या वर्गात "आवाज देणं" म्हणतात आणि शुक्रवारी त्यासाठी मुलं शाळा बुडवत नाहीत.

यासाठी तुम्हाला इंग्रजी यायला हवं असं नाही. वाक्य कार्टून पुरवतं. तुम्ही थांबवायचं, वाट बघायची आणि तो म्हणाला की आनंदानं मान डोलवायची. एवढं मात्र पडद्याला जमत नाही. २००० साली आलेल्या 'डोरा द एक्सप्लोरर'मध्ये डोरा प्रश्न विचारून थांबते, मुलांना उत्तराची संधी देते. कल्पना चांगलीच आहे. पण मूल गप्प बसलं काय किंवा काही भलतंच बोललं काय, ती तसंच पुढे जाते. तुम्ही तसं जाणार नाही.

कोणतं कार्टून? नाव विचारू नका, कसोटी विचारा. शब्द कानावर पडतो त्याच क्षणी ती गोष्ट चित्रात दिसते का? वाक्यं चार-पाच शब्दांची आहेत का? एका वेळी एकच जण बोलतो का, आणि मागे ढणाढणा संगीत नाही ना? आणि घरातल्यासारखं काही घडतं का: जेवण, भांडण, आजीकडे जाणं, पाऊस? अंतराळातल्या लढाईतलं वाक्य भांडुपच्या घरात वापरायला जागा नाही. या कसोटीला 'पेपा पिग' बऱ्यापैकी उतरतं. ते २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं, एक भाग साधारण पाच मिनिटांचा. निवेदक काय चाललंय ते सांगतो आणि लगेच ते दिसतं. चिखलाच्या डबक्यात उड्या मारणं हा त्यातला मोठा आनंद, आणि जुलैतल्या मुंबईत डबक्यांना तोटा नाही. माझ्या दुसरीच्या वर्गातली एक मुलगी जूनपासून इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नव्हती. एकदा मधल्या सुट्टीत पावसाची सर आली, मी मुलांना वऱ्हांड्यात थांबवलं. ती माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, इट्स रेनिंग. कॅन वी गो आउट?" मी "येस" म्हटलं आणि सगळा वर्ग भिजला. घरच्यांची बोलणी मी ऐकून घेतली. तिनं ते वाक्य मला उत्तर म्हणून दिलं नव्हतं, तिला बाहेर जायचं होतं.

'टॉम अँड जेरी' बघू द्या, मजेचं आहे, पण त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, म्हणून त्याला इंग्रजीच्या खात्यात धरू नका. याउलट 'पिंगू' हा मातीचा पेंग्विन माझा लाडका. तो खऱ्या कोणत्याच भाषेत बोलत नाही, त्याची भाषा मनानं बनवलेली आहे. सहा महिन्यांनी, मुलाकडे वाक्यांचा थोडा साठा झाला की तो लावा. तिथे उसनं घ्यायला एकही शब्द नसतो, सगळं मुलालाच बोलावं लागतं. माझ्या वर्गात सर्वात जास्त इंग्रजी बोलणं पिंगूच्या तासाला झालं आहे.

आता एक गोष्ट सांगते जी इंग्रजीच्या पुस्तकापेक्षा कार्टून खरंच चांगली शिकवतं. मराठीत आपण म्हणतो, मला भूक लागली, मला राग आला, मला थंडी वाजते, मला कंटाळा आला. भूक, राग, थंडी कुठून तरी येतात आणि आपल्याला लागतात, वाजतात. इंग्रजीत माणूस स्वतःच ते असतो: आय ॲम हंग्री, आय ॲम अँग्री, आय ॲम कोल्ड. आपली मुलं इथे हमखास अडखळतात. "टू मी हंगर" असं काहीतरी जुळवायला बघतात, कारण मनात "मला" असतं. फळ्यावर हा फरक मी वर्षानुवर्षं समजावला, उपयोग झाला नाही. पण पोट धरून, तोंड वाकडं करून "आय ॲम हंग्री!" म्हणणारं पात्र दहादा पाहिलं की तो चेहरा आणि ते वाक्य एकजीव होतं, मध्ये "मला" येतच नाही. म्हणून भावना ठळक दाखवणारी दृश्यं आवर्जून निवडा. तसंच "टेबलावर" आणि "ऑन द टेबल". आपला "वर" मागून येतो, त्यांचा "ऑन" आधी. लपाछपीचं एखादं दृश्य मिळालं तर "अंडर द बेड", "बिहाइंड द डोअर" घरातच पलंगाखाली आणि दाराआड जाऊन करता येतं.

वाक्य फोडून शब्दाशब्दाचा अर्थ सांगू नका. "इट्स माय टर्न" म्हणजे "आता माझा चान्स", एवढं पुरे. "वेट फॉर मी" मधलं "फॉर" कशाला, हे तिसरीतल्या मुलाला कळायची गरज नाही. अख्खं वाक्य एका घासात गिळू द्या, फोड तो पुढे स्वतः करील.

एक अडचण येणारच, तिची आधीच कल्पना देते. मुलं सर्वात आधी "शट अप" आणि "स्टुपिड" उचलतात. त्यात त्यांचा वाईटपणा नसतो. ज्या शब्दाबरोबर राग, धक्का, हसू असतं तो मनात आधी रुततो. रागावून तो शब्द आणखी चमकवू नका. त्याच जोराचं दुसरं वाक्य द्या: "स्टॉप इट!", "दॅट्स नॉट फेअर!" भांडणासाठी मुलाला धारदार वाक्य हवंच असतं. ते मिळालं की तो "शट अप" सोडतो, असा माझा अनुभव आहे.

उच्चारांचं थोडक्यात. "शिप" आणि "शीप" त्याच्या तोंडून सारखेच येतील, "व्ह" आणि "व" एकच होईल. आपल्या मराठी कानाला तो फरक नवा आहे, ऐकत राहिला की सावकाश येईल. आणि तो अमेरिकन ढंगात चार शब्द बोलला म्हणून पाहुण्यांपुढे बोलायला लावू नका. सूर ही भाषा नव्हे, हे तुम्ही या वर्षात पाहिलंच आहे.

अक्षरं तो वाचतो, म्हणून पाच दिवस झाल्यावर तेच दृश्य पुन्हा बघताना इंग्रजी आवाजाला इंग्रजीच सबटायटल लावायला हरकत नाही. मराठी किंवा हिंदी सबटायटल नको, डोळे तिकडे जातात आणि कान बंद होतात. ज्या भाषेचा आवाज त्याच भाषेची अक्षरं, ही कल्पना आपल्याकडे अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून मांडली आणि टीव्हीवरच्या गाण्यांखाली गाण्याचेच शब्द देऊन वाचनाचा सराव घडवला. कानात बसलेलं वाक्य समोर लिहिलेलं दिसलं की वाचन सोपं होतं, हे मी वर्गात रोज बघते. त्या पाच दिवसांत मात्र अक्षरं नकोत.

सिनेमा दाखवायचा तर त्यातलं एक दृश्य घ्या, तीन-चार मिनिटांचं, ज्यात एकाला काहीतरी हवंय आणि दुसरा देत नाहीये. मागणं, नाकारणं, समजूत घालणं, माफी मागणं अशा वेळी बोललेली वाक्यं जगात सगळीकडे चालतात. पाठलागाचं दृश्य कितीही आवडलं तरी त्यात घेण्यासारखं बोलणं नसतं. अशी दोन-तीन दृश्यं होऊन गेली की एखाद्या रविवारी अख्खा सिनेमा सगळे मिळून बघा, आणि त्या दिवशी काहीही विचारू नका. ओळखीचं दृश्य आलं की तोच उडी मारून सांगेल.

हे वाचणाऱ्या शिक्षकांना दोन गोष्टी. वर्गात दाखवण्यापुरती १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये सूट आहे. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरता सिनेमा दाखवता येतो. चोरीची प्रत वापरायची मुभा मात्र त्यातून मिळत नाही. आणि दुसरं, पडदा मोठा नसला तरी चालेल, स्पीकर चांगला हवा. साठ मुलांच्या वर्गात, बाहेर रस्त्याचा गोंगाट असताना, मागच्या बाकावर "कॅन" आणि "कान्ट" सारखंच ऐकू येतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. पैसे थोडे असतील तर ते स्पीकरवर घाला.

धाकटीला मात्र बाजूला ठेवा, ताई. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ-दहा महिन्यांच्या बाळांना बारा वेळा चिनी भाषा ऐकवली, काहींना समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून, काहींना तीच माणसं टीव्हीवर. माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखू येऊ लागले. टीव्हीवाल्यांना काहीच फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. धाकटीची वेळ आत्ता तुमच्या, आजीच्या, दादाच्या तोंडून मराठी ऐकायची आहे.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं? रंगांची आणि प्राण्यांची नावं घडाघडा म्हणतो, हे त्याचं माप धरू नका. कार्टूनमधलं वाक्य कार्टून नसताना, दुसऱ्याच कशासाठी वापरलं का, ते बघा. लोकलमध्ये गर्दीत हात सुटला आणि तो "वेट फॉर मी!" ओरडला, तर ते वाक्य त्याचं झालं. त्याला दोन-तीन महिने लागतील. मग कधीतरी एका वाक्यातला शब्द बदलून तो स्वतःचं वाक्य करील, "वेट फॉर आजी!" असं. इंग्रजी-मराठीची ती भेसळ सुधारू नका. तिथून पुढे त्याचा वेग तुम्हाला आवरणार नाही.

आणि आजी. तुम्ही लिहिलंय, त्या शेजारी बसतात पण त्यांना काही कळत नाही. तुम्हाला कामावरून यायला उशीर झाला तर तिसरा दिवस त्यांच्याकडे द्या. मोबाइल कसा थांबवायचा तेवढं नातवाला दाखवू दे. त्यांनी फक्त दर वाक्याला विचारायचं, "काय म्हणाली रे ती?" तो वाक्य म्हणून दाखवेल, मग मराठीत सांगेल, आणि त्यांना ऐकू आलं नाही तर आणखी मोठ्यानं म्हणेल.